‘घसरून पडली’ असं लिहिलंय

कसबा पेठ, पुणे
१६ मार्च २०२५

प्रिय हेमा,

मी पूर्णिमा. तुझी एकेकाळची वहिनी. फोनच केला असता, पण घटस्फोटानंतर तू माझा फोन कधी उचलला नाहीस, आणि आता उचलशील असं वाटायला काही कारण नाही. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. इंदूरचा पत्ता तोच असेल असं धरून चालते.

मागच्या आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत एक फौजदार आले, मच्छिंद्र ढमढेरे नावाचे. आमच्याकडे लोक शेतातली माती तपासायला घेऊन येतात, पोलीस येत नाहीत. त्यामुळे साहेबांसकट सगळे उठून उभे राहिले. ढमढेऱ्यांनी मला बाहेर नेऊन तुझ्या दादाचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, हे आपले कोण? मी म्हटलं, आता कोणी नाहीत. पूर्वी नवरा होते.

मग त्यांनी सांगितलं ते तुला माझ्या आधीपासून माहीत असणार. संक्रांतीच्या सुमारास अपेक्षा, श्रीनिवासची दुसरी बायको, शनिवार पेठेतल्या त्याच घरी गच्चीच्या त्याच जिन्यावरून खाली पडली. डोक्याला मार लागला. जगली, पण त्या दिवसाचं तिला काही आठवत नाही. श्रीनिवास म्हणतो, पाय घसरला. शेजारी म्हणतात, या घरातून कधी चढा आवाज ऐकला नाही. डॉक्टर म्हणतात, असं पडणं घसरूनही होतं आणि ढकलूनही होतं. तक्रार अपेक्षाच्या आईने केली आहे. अपेक्षाला बंगळूरला चांगली नोकरी मिळाली होती आणि ‘आज त्यांना सांगते’ असा तिचा सकाळी आईला फोन होता. यापलीकडे आईकडे काही नाही.

सगळं सांगून झाल्यावर ढमढेरे म्हणाले, “मॅडम, आपण कधी पडला होतात का त्या जिन्यावरून?”

हेमा, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही नाही. त्यांना तू आधीच उत्तर देऊन ठेवलं होतंस.

मी म्हटलं, “नाही. मी पडले नव्हते.” आणि मग सांगितलं.

तू त्या एप्रिलमध्ये तान्ह्या पायलला घेऊन माहेरी आलेली होतीस. मी आणि श्रीनिवास कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेलो. तिथे मी त्याला सांगितलं की माझी नाशिकला बदली झाली आहे आणि मी जाणार आहे. तो काही बोलला नाही. तुझा दादा रागावला की बोलत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मी जिना उतरायला लागले तेव्हा पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, त्याचा तळहात आला. धक्का म्हणावा इतका जोरही नव्हता. दार लोटतात तसा.

जबाब दिला, सही केली. ढमढेरे म्हणाले, तुलाही फोन झाला होता आणि तू ‘मला काही आठवत नाही’ म्हणालीस. तू काय करावंस हे सांगायला हे पत्र लिहीत नाही. मी बोलणार आहे हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच. पायल आता पाचवीत असेल ना? तिला माझी आठवण असायचं कारण नाही, तरी आशीर्वाद सांग.

पूर्णिमा


४ मे २०२५

प्रिय हेमा,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

अपेक्षाची आई, मुक्ताई, माझ्याकडे येऊन गेली. पत्ता विचारत विचारत तांबट आळीतून चालत आली होती. पिशवीत अंजिरं. सासवडच्या पुढे त्यांचं गाव आहे. पाणी प्यायली आणि सरळ म्हणाली, “पोरीला काय बी आठवत न्हाई, बाई. तुमाला आठवतंय न्हवं? मग तुमी सांगा.” मी सांगेन म्हटलं. त्यावर तिने मान हलवली आणि अंजिरं धुऊन ठेवायला स्वतःच उठली.

गेल्या रविवारी स्वारगेटहून बस धरून त्यांच्याकडे गेले. जावं की नाही यावर बरेच दिवस घालवले होते. अपेक्षा अंगणात खाटेवर बसलेली होती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. केस आता जरा वाढले आहेत, त्यामुळे टाके दिसत नाहीत. डावा पाय ओढत चालते. शब्द हळू येतात, पण जे येतात ते नेमके असतात. एका मोठ्या कंपनीत लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायची. मला म्हणाली, “माझ्यातच बग आहे आता,” आणि हसली. आई हसली नाही.

तिला तिचं लग्न आठवतं, दिवाळी आठवते, डिसेंबरातली एक सहल आठवते. त्यापुढे दवाखान्याचं छत. मधलं गेलं. डॉक्टर म्हणतात, येणार नाही. ती रोज सकाळी डोळे मिटून बसते आणि तो जिना चढते. वर जाता येतं, म्हणाली, खाली येता येत नाही.

मग मला म्हणाली, “तुमचं सांगा. माझं तसंच असेल.”

मी सांगितलं नाही. म्हटलं, माझं मला ठाऊक आहे, तुझं मला ठाऊक नाही. तसंच असेल असं मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस, निदान कोर्टात तरी. तिला वाईट वाटलं असावं. निघताना मात्र तिने माझ्या डाव्या मनगटाकडे बघितलं. त्या जिन्यापासून ते पूर्ण वळत नाही, हे चहाचा कप घेतानाच तिच्या लक्षात आलं होतं.

पूर्णिमा


१२ ऑक्टोबर २०२५

हेमा,

खटला सुरू झाला आहे. मुक्ताईची साक्ष झाली, डॉक्टरांची झाली. माझ्यावरून मात्र वाद झाला. मला साक्षीला उभं करावं की नाही, यावरच एक अख्खी दुपार गेली. मी बाहेरच्या बाकावर होते. आत काय झालं ते सरकारी वकील गुंजाळ मॅडमनी नंतर चहा पिताना सांगितलं.

तुझ्या दादाचे वकील निंबाळकर म्हणून आहेत. वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांचं म्हणणं असं की माणूस पूर्वी वाईट वागला म्हणून आजचा गुन्हा त्यानेच केला असं होत नाही. कायदाही तेच म्हणतो. आणि पूर्वीचं तरी कुठे सिद्ध झालंय? तक्रार नाही, गुन्हा दाखल नाही, घटस्फोट दोघांच्या संमतीने. इतक्या वर्षांनी एक बाई उठते आणि म्हणते मलाही ढकललं होतं, तर त्यावर विश्वास का ठेवायचा?

हसू नकोस, पण मला त्यांचं म्हणणं पटलं. शेजारच्या शेतातल्या मातीवरून आम्ही या शेताचा अहवाल देत नाही. दिला तर नोकरी जाईल.

गुंजाळ मॅडम म्हणाल्या, श्रीनिवास वाईट माणूस आहे हे दाखवायला आम्ही पूर्णिमाबाईंना आणत नाही. आरोपी म्हणतो हा अपघात होता. त्याच जिन्यावर, तोच माणूस मागे असताना, बायको दुसऱ्या गावी नोकरीला जाते म्हणाल्यावर असाच अपघात आधीही झालेला आहे. हा योगायोग आहे का, एवढंच कोर्टाने बघावं.

न्यायाधीशबाईंनी दोन दिवसांनी निर्णय दिला. मला उभं राहू देणार, पण फक्त त्या एका दुपारपुरतं. त्यांचे शब्द मॅडमनी मला वाचून दाखवले: नवरा म्हणून आरोपी कसा होता हे ऐकायला आपण इथे बसलेलो नाही.

म्हणजे बाकीचं सगळं बाहेर. तो आठवडा आठवडा बोलायचा नाही, ते बाहेर. माझी बोटं कपाटाच्या दारात असताना त्याने दार लावून घेतलं, ते बाहेर. तुझ्या आईंनी त्यावर हळद लावली आणि ‘बघून काम करत जा’ म्हणाल्या, तेही बाहेर. मॅडमना वाटलं मी नाराज होईन. मी झाले नाही. एक दुपार नीट सांगता आली तर पुष्कळ झालं. घरी येऊन मात्र कपाटाचं दार बराच वेळ उघडं ठेवून बसले होते. का, ते विचारू नकोस.

पूर्णिमा


२३ नोव्हेंबर २०२५

हेमा,

हे पत्र बहुतेक ॲडव्होकेट निंबाळकरही वाचतील. साहेब, नमस्कार.

माझी साक्ष झाली. गुंजाळ मॅडमनी विचारलं ते सांगितलं. श्रीनिवास समोर बसला होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातावर हात ठेवून. माझ्याकडे बघत होता, रागाने नव्हे. कुणाच्या तरी कंटाळवाण्या सत्कार समारंभाला बसावं तसा.

मग निंबाळकर उठले.

त्यांनी विचारलं, पोलिसांत तक्रार का केली नाही? मी म्हटलं, “तेव्हा मला तिथून निघायचं होतं. तक्रार केली असती तर तिथेच अडकून पडले असते.” त्यांनी विचारलं, घटस्फोटाच्या अर्जात स्वभाव जुळत नाहीत असं लिहिलंय, ते आपणच लिहिलंत ना? मी म्हटलं, हो, आणि ते खोटं नाही. मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी मान वर केली तसं ते बंद झालं.

मग त्यांनी दवाखान्याचा जुना केसपेपर काढला आणि माझ्या हातात दिला. मोठ्याने वाचा म्हणाले. मी वाचलं. ‘जिन्यावरून घसरून पडली. माहिती देणार: नणंद.’ ते म्हणाले, त्या वेळचा एवढा एकच कागद आहे आणि त्यात ‘घसरून पडली’ असं लिहिलंय. आपण तेव्हा शुद्धीत होतात? होते. मग डॉक्टरांना खरं का सांगितलं नाहीत? मी म्हटलं, “श्रीनिवास पडद्याच्या अलीकडे उभे होते.”

त्यावर त्यांनी पिशवीतून माझी पत्रं काढली.

तीनही. घडीवर घडी, नीट ठेवलेली. आरोपीच्या बहिणीवर दबाव आणायला आपण ही लिहिलीत का, असं विचारलं. मी म्हटलं, त्यांत मी तिला काय करायला सांगितलंय ते आपणच वाचून दाखवा. ते म्हणाले, अपेक्षाला भेटून तिला पढवलंत. मी म्हटलं, तिला काही आठवत नाही हे आपलंच म्हणणं आहे, मग पढवलेलं तरी कसं आठवणार? न्यायाधीशबाईंनी पत्रं मागून घेतली, स्वतः वाचली, परत दिली आणि पुढे चला म्हणाल्या.

त्यामुळे तू माझी पत्रं वाचतेस हे मला साक्षीच्या पिंजऱ्यात कळलं. वकिलाला दिलीस याचा राग यायला हवा. पण फाडली नाहीस, हेच आधी मनात आलं.

गुंजाळ मॅडम मात्र चांगल्याच रागावल्या. आधी का सांगितलं नाही म्हणाल्या. आता त्यांनी सांगितलंय की आरोपीच्या बाजूने तू साक्षीला येणार आहेस, त्यामुळे तुझी साक्ष होईपर्यंत एक ओळही लिहायची नाही. हे पत्रही मी आज पाकिटात घालून कपाटात ठेवते आहे. तुझी साक्ष झाल्यावर टाकीन. म्हणजे साहेब, वरचा नमस्कार फुकट गेला.

पूर्णिमा


१७ जानेवारी २०२६

प्रिय हेमा,

सोबत आधीचं एक पत्र आहे. ते आधी वाच.

परवा तू तिथेच होतीस, तरी लिहिते आहे. तू न्यायाधीशांकडे तोंड करून उभी होतीस, तुला मागचं दिसत नव्हतं.

तू आत आलीस तेव्हा मी ओळखलं नाही. चष्मा लागला, केस कापलेस. आई तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर शालीची घडी. निंबाळकरांनी तुला विचारलं, भाऊ म्हणून श्रीनिवास कसे आहेत? तू म्हणालीस, वडील गेल्यावर दादानेच मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, मोठ्याने बोलणं त्याला जमतच नाही, कुणावर हात उचलणारा तो माणूस नाही. आईंनी मान डोलावली. श्रीनिवासने पहिल्यांदाच पाठ खुर्चीला टेकवली. आणि मला हे सगळं ऐकून तुझा राग आला नाही, कारण त्यातलं पुष्कळसं खरं आहे. तुझी कॉलेजची फी भरायची म्हणून त्याने दोन दोन नोकऱ्या केल्या होत्या. मी ते पाहिलंय.

गुंजाळ मॅडम उठल्या. तू त्याच्या स्वभावाबद्दल बोललीस म्हणून आता त्यांना त्याबद्दल तुला विचारता येत होतं. दवाखान्यात पूर्णिमाबाईंना कुणी नेलं? मी नेलं. डॉक्टरांना माहिती कुणी दिली? मी दिली. घसरून पडली असं सांगा, हे आपल्याला कुणी सांगितलं?

निंबाळकर हरकत घ्यायला उठले, न्यायाधीशबाईंनी हाताने त्यांना बसवलं आणि तुला म्हणाल्या, “आपल्याला उत्तर द्यावं लागेल.”

तू म्हणालीस, “दादाने.”

मागे आईंची शाल मांडीवरून खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

मॅडमनी विचारलं, आणि त्या खरंच घसरल्या होत्या का? तू म्हणालीस, मला दिसलं नाही, मी बाळाला घेऊन स्वयंपाकघरात होते, आवाज आला म्हणून धावले. मला वाटलं, संपलं. मॅडमनाही तसंच वाटलं असावं, त्या बसायला निघाल्या होत्या. आणि तू कुणी न विचारता बोलायला लागलीस.

“वहिनी खाली पडल्या होत्या. दादा वरच्या पायरीवर उभा होता. मी म्हटलं, अरे ये ना लवकर. तो आला, पण एकेक पायरी उतरत. त्याला घाई नव्हती.”

न्यायाधीशबाईंनी हे वाक्य सावकाश उतरवून घ्यायला सांगितलं. मी श्रीनिवासकडे पाहिलं. तो तुझ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा अगदी शांत झाला होता. तो चेहरा मला माहीत आहे, हेमा. तू लगेच इंदूरला परत गेलीस ते बरं केलंस. तुझ्या सौरभरावांना सांग, काही दिवस अनोळखी नंबर त्यांनीच उचलावेत. ढमढेऱ्यांनाही मी कळवून ठेवलं आहे.

बाहेर व्हरांड्यात तू माझ्या शेजारून गेलीस आणि थांबलीस. म्हणालीस, “हात अजून दुखतो?”

मी म्हटलं, “थंडीत.”

तेवढ्यात आई आल्या आणि तू पुढे झालीस. त्या तुझ्याशी बोलल्या नाहीत, ते मी पाहिलं. रिक्षात त्या एकट्याच बसल्या, तेही पाहिलं. त्याबद्दल मी काय लिहावं हे मला कळत नाही. माझ्यामुळे झालं असं मला वाटत नाही आणि तुझ्यामुळे तर मुळीच नाही. पण आईंना वाटणार, आणि तुला ते सोसावं लागणार. एवढं मात्र खरं.

पूर्णिमा


२२ मार्च २०२६

प्रिय हेमा,

निकाल तुला कळला असेल. तरी नीट सांगते, कारण फोनवर अर्धवट कळतं.

खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून श्रीनिवास सुटला. जीव घ्यायचाच त्याचा हेतू होता हे शंकेपलीकडे सिद्ध झालं नाही, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. जाणूनबुजून गंभीर दुखापत केली, हे मात्र सिद्ध झालं. पाच वर्षं. निंबाळकर वर अपील करणार आहेत. ते म्हणतात, जुनी गोष्ट आत येऊ द्यायलाच नको होती. वरचं कोर्ट काय म्हणेल, कुणी सांगावं?

माझ्याबद्दल निकालात लिहिलंय की पूर्णिमा यांच्याबाबत आरोपी दोषी आहे की नाही हे ठरवायला हे न्यायालय बसलेलं नाही, आणि तसं काही ठरवलेलंही नाही. त्यांची साक्ष फक्त अपघाताच्या बचावापुरती विचारात घेतली आहे. गुंजाळ मॅडमना वाटलं मला हे लागेल. थोडं लागलं. त्या दुपारचा निकाल कधीच लागणार नाही, हे तेव्हा कळलं. मग बसमध्ये बसून पुन्हा वाचलं आणि वाटलं, बाईंनी बरोबर लिहिलं. त्यांना विचारलं होतं तेवढंच त्यांनी सांगितलं.

काल मुक्ताईच्या गावी गेले होते. अपेक्षाचा पाय बराच सुधारला आहे. अंगणातून रस्त्यापर्यंत काठीशिवाय जाते. जुन्या कंपनीने घरून थोडं काम द्यायचं कबूल केलं आहे. तिला निकाल हवा होता. अक्षरं फार वेळ वाचता येत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवत होते. मुक्ताई भाकरी थापत दारातून ऐकत होती. माझा भाग आला तो मी भराभर वाचला. मग तुझा आला.

तुझं वाक्य वाचल्यावर अपेक्षाने मला थांबवलं. पुन्हा वाचा म्हणाली. मी पुन्हा वाचलं. ‘तो आला, पण एकेक पायरी उतरत. त्याला घाई नव्हती.’

तिने डोळे मिटले. मला भीती वाटली की हिला काहीतरी आठवलं. तसं काही नव्हतं. म्हणाली, “ताई, म्हणजे आता मी आठवायचं सोडलं तरी चालेल?”

मी काही म्हणायच्या आत मुक्ताई आतून म्हणाली, “सोड, बाई.”

अपेक्षाने भिंतीला डोकं टेकवलं आणि तिथेच, खाटेवर बसल्या बसल्या, तिला झोप लागली. मुक्ताई तवा उतरवून आली, तिच्या पायांवर पांघरूण घातलं आणि मला जेवून जा म्हणाली.

तू दादाविरुद्ध बोललीस असं सगळे म्हणत असतील. त्या झोपेबद्दल तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिलं.

पूर्णिमा